मधुमेहाची सुरुवात नेमकी कधी होते? गर्भावस्था, जन्मवजन आणि पुण्याजवळच्या सहा गावांतलं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइप २ मधुमेहाची मुळं आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांपर्यंत जातात, असं सांगितलं की लोक एकतर चकित होतात किंवा घाबरतात. त्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सारखे प्रश्न एकाखाली घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. ही संशोधनाची माहिती आहे. औषध सुरू किंवा बंद करायचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. टाइप २ मधुमेहात शरीरात नेमकं काय बिघडतं?

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. इन्शुलिनमुळे रक्तातली साखर स्नायूंमध्ये आणि चरबीत शिरते आणि यकृतातून नवी साखर बाहेर पडणं आटोक्यात राहतं. टाइप २ मध्ये दोन गोष्टी एकत्र येतात. स्नायू आणि यकृत इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, याला इन्शुलिनरोध म्हणतात. आणि त्याची भरपाई करायला बीटा पेशी कमी पडतात. नुसता रोध असेल तर धडधाकट बीटा पेशी जादा इन्शुलिन करून वर्षानुवर्षं साखर ताब्यात ठेवू शकतात. म्हणून रिपोर्टात साखर वाढलेली दिसते तेव्हा त्यामागे बऱ्याच वर्षांची ओढाताण असते. ती किती मागे जाते, आणि बीटा पेशींची कुवत मुळात कधी ठरते, हा इथला खरा प्रश्न आहे.

२. मी बारीक आहे, गोड फारसं खात नाही. मग मला शुगर कशी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. 'मधुमेह म्हणजे लठ्ठपणा' हे समीकरण युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून आलं. आपल्याकडे वजन बेताचं असूनही पोटाभोवती आणि पोटाच्या आत चरबी साठलेली, आणि स्नायू मात्र कमी, अशी शरीरं खूप आढळतात.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी स्वतःचीच शरीरं तपासून दाखवली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा) २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. क्ष-किरण तंत्राने चरबी मोजली तेव्हा यडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. म्हणून आपल्याकडे कंबरेचा घेर मोजण्याला महत्त्व आहे: पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावं. ही शरीररचना कधीपासून असते, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. आजाराची सुरुवात गर्भात होते, हे कुणाच्या लक्षात आलं?

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या. १९८६ मध्ये त्यांनी आणि क्लाइव्ह ऑसमंड यांनी इंग्लंड-वेल्सचा मृत्यूंचा नकाशा तपासला. ज्या भागांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तान्ही बाळं जास्त दगावत होती, त्याच भागांत पन्नासेक वर्षांनी हृदयविकाराने जास्त लोक मरत होते. हृदयविकार हा सुखवस्तूंचा आजार मानला जायचा. इथे तो गरीब भागांत दिसत होता.

हा योगायोग आहे की नाही ते पाहायला जुन्या नोंदी हव्या होत्या. त्या हर्टफर्डशायर परगण्यात सापडल्या. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या अधिकारी बाईंनी सुईणी आणि आरोग्यसेविकांकडून प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि एक वर्षाचं वजन वह्यांमध्ये लिहून ठेवलं होतं. त्या बाळांची आता म्हातारी माणसं झाली होती. १९९१ मध्ये चौसष्ट वर्षांच्या पुरुषांची साखर तपासली गेली. जन्मवजन अडीच किलो किंवा कमी असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांची साखर बिघडलेली होती. सव्वाचार किलोच्या वर जन्मलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं.

१९९२ मध्ये बार्कर आणि केंब्रिजचे निकोलस हेल्स यांनी त्याचा अर्थ मांडला. गर्भाला अन्न कमी पडलं की तो मेंदू वाचवतो आणि स्वादुपिंड, यकृत, स्नायू यांच्या वाढीत काटकसर करतो. ही काटकसर टंचाईच्या जगात उपयोगी पडते. पुढे अन्न मुबलक मिळालं की तीच अंगाशी येते.

४. पुण्याजवळचा अभ्यास म्हणजे नेमकं काय?

डॉ. बानू कोयाजी यांनी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलतर्फे शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं होतं. त्या पायावर १९९३ मध्ये डॉ. याज्ञिक आणि साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या गटाने सहा गावांमध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला.

त्याचं वेगळेपण असं की तो बाळापासून सुरू झाला नाही, आणि गरोदरपणापासूनही नाही. जवळपास अडीच हजार विवाहित स्त्रियांची मोजमापं दिवस राहण्याच्या आधीच घेतली गेली. त्यानंतर कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारत. पाळी चुकली की सोनोग्राफी. मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आहार, कष्ट, रक्त यांची तपासणी. बाळंतपण घरी होवो की दवाखान्यात, तीन दिवसांच्या आत बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा, पोटाचा आणि दंडाचा घेर, कातडीखालची चरबी, सगळं मोजायचं. वडिलांचीही मोजमापं घेतली गेली. साडेसातशेच्या वर बाळांपासून सुरू झालेला हा पाठपुरावा ती बाळं स्वतः आईबाप होईपर्यंत चालत आला आहे.

मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हा वाटतो. हर्टफर्डशायरच्या वह्यांत आईबद्दल जवळपास काही नव्हतं. इथे आई काय खाते, विहिरीवरून पाणी किती आणते, शेतात किती राबते, हे तिच्याकडूनच विचारून लिहिलं गेलं. या गावांमधल्या बाया दर वेळी दार उघडत राहिल्या, रक्त देत राहिल्या, मुलांना तपासणीला आणत राहिल्या. मधुमेहाच्या जागतिक संशोधनात त्यांचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा बोलला जात नाही.

५. जन्मलेलं बाळ बारीक आणि तरीही चरबीचं, हे कसं शक्य आहे?

या गावांमधल्या आया सरासरी एकवीस वर्षांच्या, पाच फुटांच्या आसपास उंचीच्या आणि गरोदरपणाआधी सुमारे ४२ किलो वजनाच्या होत्या. बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो भरलं. साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो होतं. आठशे ग्रॅमचा फरक शरीराच्या सगळ्या भागांत सारखा वाटला जाईल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. पुण्याच्या बाळांचा पोटाचा घेर, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव, आणि दंडाचे स्नायू खूप कमी होते. खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा संशोधकांनी या बाळांना 'थिन-फॅट' म्हटलं, आणि हा शब्द आता जगभर वापरला जातो.

म्हणजे प्रश्न २ मधली शरीररचना पहिल्या दिवसापासूनची आहे. शहरात आल्यामुळे, बसून काम केल्यामुळे ती वाढते, पण तिची सुरुवात त्याच्या आधीची आहे.

६. त्या मुलांचं पुढे काय झालं? त्यांना मधुमेह झाला का?

अठराव्या वर्षी सहाशेहून अधिक मुलामुलींची ग्लुकोज पिऊन तपासणी झाली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांची साखर बिघडलेली निघाली. त्यातले बहुतेक जण काठावर, म्हणजे पूर्वमधुमेहात होते. आणि या तरुणांपैकी ४८ टक्क्यांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता. गावात राहणारी, हडकुळी, अठरा वर्षांची मुलं!

मागच्या नोंदी पाहिल्यावर कळलं की ज्यांची साखर अठराव्या वर्षी बिघडली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती. ती 'नॉर्मल'च्या आतच असल्यामुळे एरवी कुणाचं लक्ष गेलं नसतं. त्यांच्या बीटा पेशी रोधाची भरपाई करण्यात लहानपणापासूनच कमी पडत होत्या, आणि गर्भातली वाढ खुंटणं याच्याशी त्याचा संबंध दिसला.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी पूर्वमधुमेहात आहेत. हे आकडे फक्त जंक फूडच्या माथी मारून भागणार नाही.

७. बी१२ आणि फोलिक ॲसिडचा मधुमेहाशी काय संबंध?

सहा गावांमधल्या गरोदर स्त्रियांपैकी दोन तृतीयांश जणींमध्ये बी१२ कमी होतं. फोलेटची (फोलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) कमतरता फक्त एकीत आढळली. २००८ मध्ये सहा वर्षांच्या मुलांच्या तपासणीवरून असं दिसलं की आईचं फोलेट जास्त असेल तर मुलात चरबी आणि इन्शुलिनरोध जास्त; आणि आईचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त, अशी जोडी असलेल्यांच्या मुलांत रोध सगळ्यात जास्त.

पेशींमध्ये डीएनए तयार करायला आणि त्यावर रासायनिक खुणा उमटवायला ही दोन्ही जीवनसत्त्वं जोडीने लागतात. बी१२ नसेल तर फोलेट एका टप्प्यावर अडकून पडतं आणि काम पुढे सरकत नाही. खुणांचं काय, ते प्रश्न ११ मध्ये.

८. मग गरोदरपणात फोलिक ॲसिडची गोळी बंद करू का?

नाही. कृपा करून करू नका.

फोलिक ॲसिडमुळे बाळाच्या मेंदू-मणक्याचे जन्मजात दोष टळतात, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत केलेल्या चाचणीत १९९१ मध्ये सिद्ध झालं. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा स्त्रियांमध्ये धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. प्रश्न ७ मधलं निरीक्षण त्याला खोटं ठरवत नाही. त्याचा अर्थ एवढाच की फोलिक ॲसिडबरोबर बी१२ कडेही पाहिलं पाहिजे. गोळी चालू ठेवा आणि बी१२ तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

९. आम्ही शाकाहारी आहोत. दूध-दह्यातून बी१२ पुरेसं मिळतं का?

रोज दोन-तीन वाट्या दूध किंवा दही पोटात जात असेल तर बरंचसं मिळतं. चहात पडणारं दूध त्यात मोजू नका. बी१२ वनस्पती बनवत नाहीत, त्यामुळे पालेभाजी, डाळी, नाचणी कितीही खाल्ली तरी ते मिळत नाही. अंडी, मासे, मटण, दूध यातूनच येतं. घरात दूध असूनही ते आधी मुलांना, मग पुरुषांना, आणि सुनेला चहापुरतं, अशी वाटणी बऱ्याच घरांत असते. त्यामुळे 'आमच्याकडे दूध असतं' हे उत्तर पुरेसं नाही. ते कुणाच्या पेल्यात जातं ते पाहावं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांमध्येही बी१२ कमी होतं, त्यांनी अधूनमधून तपासावं.

१०. हे सगळं जनुकांमुळेच नाही का? आमच्या घराण्यातच शुगर आहे.

जनुकांचा वाटा आहेच. २००६ मध्ये सापडलेलं टीसीएफ७एल२ हे जनुक टाइप २ मधुमेहाशी सगळ्यात ठळकपणे जोडलं गेलं आहे, आणि २००७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक आणि पुण्याच्या गटाने तो संबंध भारतीयांमध्येही दाखवला. नंतर शेकडो जनुकीय फरक सापडले. पण प्रत्येकाचा परिणाम छोटा आहे, आणि पन्नास वर्षांत मधुमेह इतका वाढला तो जनुकं बदलल्यामुळे नाही, कारण एवढ्या काळात ती बदलत नाहीत.

जनुक आणि गर्भातलं वातावरण वेगळं कसं करायचं? अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींच्या अभ्यासाने २००० साली फार सुंदर वाट काढली. त्यांनी एकाच आईची मुलं घेतली: काही तिला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. आईबाप तेच, घर तेच. तरीही मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या भावंडांना तो होण्याची शक्यता कितीतरी जास्त निघाली. इथे गर्भातली जादा साखर हाच फरक होता.

उलटं उदाहरणही आहे, आणि ते लपवून चालणार नाही. एक्सेटरचे डॉ. अँड्र्यू हॅटर्सली यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ग्लुकोकायनेज जनुकातला दोष बाळात उतरला तर त्याचं जन्मवजन सुमारे अर्धा किलोने कमी भरतं, कारण गर्भात इन्शुलिनच वाढीचं काम करतं आणि ते कमी पडतं. म्हणजे काही जणांत कमी जन्मवजन आणि पुढची वाढलेली साखर या दोन्हींचं मूळ एकच जनुक असतं, आईच्या आहाराचा त्यात संबंध नसतो. असे लोक थोडे आहेत. पण 'कमी वजन म्हणजे आईने खाल्लं नाही' हा निष्कर्ष डोळे मिटून काढू नये, यासाठी हे पुरेसं आहे.

११. जनुक तेच राहिलं तर आईच्या आहाराचा परिणाम बाळात राहतो कसा?

जनुकाचा मजकूर तोच राहतो, पण त्यातलं काय वाचायचं आणि काय मिटून ठेवायचं हे डीएनएवरच्या मिथाइल खुणा ठरवतात. गर्भधारणेच्या आसपासच्या दिवसांत या खुणा पुसून नव्याने उमटतात, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल फोलेट, बी१२ यांच्या साखळीतून येतो. २००३ मध्ये अमेरिकेत रँडी जर्टल आणि रॉबर्ट वॉटरलँड यांनी पिवळी, लठ्ठ पिल्लं होऊ शकणाऱ्या उंदरिणींना हा कच्चा माल आहारातून जास्त दिला, तेव्हा पिल्लांमध्ये तपकिरी रंगाची पिल्लं वाढली. जनुक सारखंच, खुणा बदलल्या.

माणसातला पुरावा नेदरलँड्समधून आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची नाकेबंदी केली आणि ॲमस्टरडॅममध्ये रोजचं रेशन काही काळ ४०० ते ८०० कॅलरींवर आलं. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या डीएनएमध्ये वाढीशी संबंधित आयजीएफ२ जनुकावरच्या मिथाइल खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा कमी होत्या. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा खुणांमुळेच मधुमेह होतो का, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. रक्तात खूण दिसली म्हणजे स्वादुपिंडातही तीच असेल असं नाही.

१२. दुसऱ्या महायुद्धातल्या रशियाच्या लेनिनग्राड शहराच्या वेढ्यातल्या मुलांना मधुमेह वाढला नाही असं वाचलं. मग हा सिद्धांत कोसळला नाही का?

आक्षेप खरा आहे. नेदरलँड्समध्ये उपासमारीत गर्भात असलेल्यांची साखर पन्नाशीत बिघडलेली निघाली (१९९८). लेनिनग्राडच्या १९४१ ते १९४४ च्या वेढ्यात गर्भात असलेल्यांमध्ये तसा फरक सापडला नाही (१९९७).

पुढे मांडलं गेलेलं स्पष्टीकरण असं: नेदरलँड्समध्ये मे १९४५ नंतर अन्न लगेच मुबलक झालं, लेनिनग्राडमध्ये जन्मानंतरही वर्षानुवर्षं टंचाई होती. काटकसर करून जन्मलेलं शरीर काटकसरीच्या जगातच वाढलं, तर बिघाड दिसत नाही. आधी तोटा आणि मग अचानक भरभराट, ही जोडी घातक ठरते. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण दिल्लीतल्या मुलांमध्ये तेच दिसलं (प्रश्न १३), आणि आपल्या दोन पिढ्यांचा प्रवासही तसाच आहे: आजी दुष्काळी कामावर खडी फोडणारी, नातू पुण्यात आयटीत.

१३. माझं बाळ सव्वादोन किलोचं जन्मलं. भरपूर खाऊ घालून वजन लवकर भरून काढू का?

पहिली दोन वर्षं बाळाला वाढू द्या, नंतर मात्र वजनाच्या मागे लागू नका.

१९६९ ते १९७२ मध्ये दिल्लीत जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा डॉ. संतोष भार्गव आणि सहकाऱ्यांनी केला. २००४ मध्ये, ती साधारण २६ ते ३२ वर्षांची असताना, जवळपास पंधराशे जणांची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांची साखर बिघडली होती ते दोन वर्षांचे असताना बारीक होते. त्यानंतर त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा लवकर आणि वेगाने चढत गेला. बाराव्या वर्षी त्यातलं कुणीही लठ्ठ म्हणावं असं नव्हतं. घरच्यांना 'पोरगं आता अंगाला लागतंय' म्हणून आनंदच झाला असणार.

म्हणून: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर त्यासोबत घरचं मऊ, दाट अन्न, वाढीच्या तक्त्यावर अंगणवाडीत नियमित नोंद. कमी दिवसांच्या किंवा फारच कमी वजनाच्या बाळासाठी बालरोगतज्ज्ञ सांगतील तेच. तीन-चार वर्षांनंतर उंची वाढते आहे ना हे पाहा; बिस्किटं, फरसाण, साखर घातलेल्या पावडरी यांनी गाल फुगवण्याची गरज नाही.

१४. गरोदरपणात शुगर निघाली. याचा बाळावर काय परिणाम?

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन जात नाही. बाळ स्वतःचं इन्शुलिन वाढवतं आणि चरबी साठवतं. म्हणून कमी वजनाच्या बाळांसारखाच खूप जास्त वजनाच्या काही बाळांनाही पुढे धोका असतो. पिमा भावंडांचं उदाहरण प्रश्न १० मध्ये आहे. आपल्याकडे पहिल्या तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात; १४० किंवा वर असेल तर उपचार सुरू होतात. साखर ताब्यात ठेवली तर बाळंतपण बहुधा नीट पार पडतं. बाळंतपणानंतर आईने स्वतःची तपासणी चालू ठेवावी, कारण पुढे मधुमेह होण्याचा धोका तिलाही असतो. हे फार वेळा राहून जातं.

१५. पाचव्या महिन्यापासून सुनेला भरपूर पौष्टिक खायला घातलं तर चालेल ना?

घालाच, पण तोवर बराचसा पाया घातला गेलेला असतो. अवयवांची घडण पहिल्या बारा आठवड्यांत होते, आणि वार तयार होते तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं.

सहा गावांमध्ये आईने किती कॅलरी खाल्ल्या याचा जन्मवजनाशी फारसा संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं मात्र मोठी होती. ज्या बायांना शेतात आणि घरात जास्त कष्ट होते त्यांची बाळं लहान होती.

यावरून मुंबईत डॉ. रमेश पोतदार, डॉ. फॉल आणि सहकाऱ्यांनी 'सरस' हा प्रयोग केला. झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजार स्त्रियांना गरोदरपणाच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. अर्ध्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. २०१४ मध्ये निकाल आला. एकूण सगळ्यांत जन्मवजनात ठाम फरक पडला नाही. पण दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढलं. अगदी हडकुळ्या आयांच्या बाळांना हा फायदा मिळाला नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण मात्र १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आलं.

४८ ग्रॅम ऐकून अनेकांची निराशा होते. माझी होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची तूट एका खाऊने भरून निघावी ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि साखरेवर झालेला परिणाम मोठा आहे.

१६. म्हणजे शेवटी दोष आईचाच का?

नाही. ज्या मुलीचं शिक्षण अर्ध्यात सुटलं, विशीच्या आत लग्न झालं, जी शेवटी जेवते, पाणी-सरपण-खुरपणी करते, तिच्या अंगात बी१२ नाही हा तिचा दोष कसा? संशोधनातून 'आईने काय खाल्लं' एवढंच वाक्य उचलून सुनेला बोल लावणारी पत्रं आमच्याकडे येतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहे. हे संशोधन मुलींच्या ताटाबद्दल, लग्नाच्या वयाबद्दल आणि बाईच्या कष्टांबद्दल बोलतं. ते घराला आणि सरकारला उद्देशून आहे.

१७. निरीक्षणांवर किती विश्वास ठेवायचा? प्रत्यक्ष प्रयोगाचा पुरावा आहे का?

शंका रास्त आहे. पालेभाजी जास्त खाणारी आई कदाचित थोडी सुस्थितीतही असेल; मग श्रेय कुणाला? म्हणूनच 'सरस'सारखे चिठ्ठ्या टाकून गट पाडणारे प्रयोग लागतात.

पुण्याच्या सहा गावांमध्येही त्या मुलांनाच, ती किशोरवयात असताना, २०१२ पासून रोज २ मायक्रोग्रॅम बी१२ देऊन पाहिलं गेलं. काहींना इतर सूक्ष्म पोषकांसह, काहींना नुसतं बी१२. त्यांच्यापैकी मुलींना पुढे बाळं झाली. दोन वर्षांच्या वयात नुसत्या बी१२ गटातल्या आयांच्या बाळांची समज आणि भाषा थोडी सरस आढळली. या बाळांना मधुमेह कमी होईल का, हे कळायला ती मोठी व्हावी लागतील.

काही वेळा इतिहासच प्रयोग घडवतो. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासूनचं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आली: गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनिंग अनुभवलेल्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी निघाला.

१८. एका पिढीत हे उलटवता येईल का?

उंदरांमध्ये तरी सोपं दिसलं नाही. डॉ. आनंदवर्धन हार्डीकर आणि सहकाऱ्यांनी पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास २०१५ मध्ये मांडला. त्यांच्यात बी१२ कमी होतं, इन्शुलिनरोध जास्त होता, आणि पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही बिघाड पूर्ण गेला नाही. माणूस म्हणजे प्रयोगशाळेतला उंदीर नव्हे, पण पाच-दहा वर्षांच्या योजनेने चमत्कार होईल असं समजू नये.

१९. हे फक्त मधुमेहालाच लागू आहे का?

नाही. हृदयविकारापासूनच सुरुवात झाली (प्रश्न ३). मूत्रपिंडातली गाळण्यांची संख्या जन्माच्या वेळी ठरून जाते, नंतर वाढत नाही. कमी वजनाच्या बाळात त्या कमी असतात आणि पुढे रक्तदाब व मूत्रपिंडाच्या विकाराशी त्याचा संबंध लावला जातो.

२०. मी स्वतः कमी वजनाचा जन्मलो. आता चाळिशी आली. माझ्या हातात काही उरलंय का?

भरपूर. कमी जन्मवजन म्हणजे जास्त शक्यता, निकाल नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने पूर्वमधुमेहातल्या ५३१ जणांवर तीन वर्षं केलेल्या प्रयोगात (२००६) रोजचं चालणं आणि आहारातल्या बदलाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. त्यातले बहुतेक जण फार लठ्ठ नव्हते. आपल्या शरीररचनेत स्नायू कमी असल्यामुळे चालण्यासोबत वजन उचलणं, बैठका, जिने चढणं असे स्नायू बळकट करणारे व्यायाम हवेत. तिशीपासून वर्षातून एकदा साखर तपासा. उपाशीपोटीच्या साखरेवर न थांबता जेवणानंतरची किंवा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहा.

२१. 'टाइप ५' मधुमेह म्हणजे काय? बारीक माणसाची शुगर म्हणजे तोच का?

नाही, प्रत्येक बारीक रुग्ण टाइप ५ नसतो. लहानपणापासूनच्या तीव्र कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये हे नाव दिलं. यात इन्शुलिन खूप कमी तयार होतं, पण टाइप १ सारखी शरीराने स्वतःच्याच बीटा पेशींवर चढाई केलेली नसते, आणि टाइप २ सारखा ठळक रोधही नसतो. प्रश्न ६ मधली बहुतेक मुलं या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्यात रोध आणि बीटा पेशींची कमजोरी दोन्ही आहेत.

वय तिशीच्या आत, अंगकाठी फारच हडकुळी, बालपण उपासमारीत गेलेलं आणि साखर खूप वाढलेली असेल, तर 'टाइप २' असा शिक्का बसण्याआधी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्शुलिन करतं ते दाखवणारी) आणि अँटीबॉडीची (शरीराने बीटा पेशींवर चढाई केली आहे का ते दाखवणारी) तपासणी करावी का, असं डॉक्टरांना विचारा. टाइप १ असेल तर इन्शुलिन थांबवणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे निदान स्पष्ट होईपर्यंत चालू असलेलं इन्शुलिन स्वतःहून कमी करू नका.